टँकरच्या पावत्या आणि कायद्याचे तीस टक्के

पत्र थोडक्यात असं : लातूरचे एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक लिहितात. घराचा प्लॉट २००९ साली पत्नीच्या नावावर घेतला. तेव्हा पत्नीने माहेरच्या पाटल्या मोडून काही पैसे घातले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकेकडून आठ लाख आणि मेव्हण्याकडून शेकडा एक रुपयाने दोन लाख घेऊन वरच्या मजल्यावर पाच खोल्या काढल्या. मे २०२५ मध्ये काम संपलं आणि जूनपासून 'नीट'ची तयारी करणारी दहा मुलं राहायला आली. खोलीला महिना साधारण सहा हजार, मार्चअखेर हातात आले तीन लाख. त्यांतल्या चार मुलांना पत्नी डबाही देते. टँकर, बोअरची मोटर, पलंग, कॅमेरे, वॉटरप्रूफिंग आणि खोल्या भरून देणाऱ्या एजंटाचं कमिशन मिळून एक लाख चाळीस हजार खर्च झाले. रिटर्न भरून देणारे ओळखीचे गृहस्थ म्हणतात, "बिलं आणा. कमी पडली तर हार्डवेअरच्या दुकानातून करून घेऊ. हॉस्टेलचा धंदा दाखवू." मेव्हण्याचं म्हणणं, "रोख आलेलं कशाला दाखवायलाव, दाजी?" गुरुजी विचारतात, "खोटं बिल करायला मन धजत नाही आणि खऱ्या खर्चाची सूट सोडायलाही मन होत नाही. काय करू?"

गुरुजी, नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही पावत्यांचे फोटो पाठवलेत, ते सगळे पाहिले. टँकरवाल्याच्या पावत्या म्हणजे वहीचा फाडलेला कागद, त्यावर "५००० लि. पोच" आणि खाली एक वेलांटीसारखी सही, तारीख नाही. मोटर रिवाइंडिंगचं बिल मात्र नीट छापील आहे. एकेका पावतीवर तुम्ही पेन्सिलीने क्रमांक घातलेत. शिक्षकाची सवय, जाता जात नाही. म्हणून वाईट वाटतं, पण आधीच सांगून टाकते : यातल्या एकाही पावतीने तुमचा कर रुपयानेही कमी होत नाही. खोट्यांचं सोडाच, खऱ्यांनीही नाही.

तुम्ही दुकानाचा हिशेब घराला लावलात, गुरुजी. दुकानदार विक्रीतून खर्च वजा करतो आणि उरेल त्या नफ्यावर कर भरतो. राहायला भाड्याने दिलेल्या घराच्या उत्पन्नाला प्राप्तिकर कायदा वेगळं माप लावतो. वर्षभरात मिळालेलं भाडं घ्या. त्यातून मालकाने त्या वर्षात खरोखर भरलेली घरपट्टी वजा करा. जे उरेल त्याच्या तीस टक्के रक्कम कायदा सरसकट सोडून देतो. डागडुजी, रंग, मोटर, पहारा, एजंट, विमा, भाडं वसूल करायची पायपीट हे सगळं त्या तीस टक्क्यांत आलं. तुम्ही एक लाख चाळीस हजार खर्च केले तरी तीस टक्केच, आणि शेजारच्याने वर्षभरात एक खिळासुद्धा ठोकला नाही तरी त्यालाही तीस टक्केच. पावती कोणी मागत नाही, दाखवली तर कोणी बघत नाही. घसारा, म्हणजे वस्तू झिजल्याची वजावट, तीसुद्धा नाही.

तुमच्या त्या गृहस्थांच्या डोक्यात कदाचित जुना जमाना असेल. २००१ च्या अर्थसंकल्पाआधी घरभाड्याच्या उत्पन्नाच्या या सदरात विमा, जमिनीचं भाडं अशा वेगवेगळ्या वजावटी होत्या आणि दुरुस्तीसाठी एक चतुर्थांश वेगळा धरायचे. त्या सगळ्या मोडून एकच तीस टक्क्यांची सूट केली, त्याला आता दोन तपं होऊन गेली. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, वर्षाला 'कर वर्ष' म्हणायला लागले, पण भाड्याच्या घराचं हे गणित तसंच ठेवलं आहे.

मीही यात फसले होते. परभणीचं आमचं जुनं घर पहिल्यांदा भाड्याने दिलं, तेव्हा वर्षभर बिस्किटाच्या डब्यात पावत्या साठवल्या. नळाच्या वायसरचीसुद्धा ठेवली होती. मार्चमध्ये तो डबा सिनिअरांच्या टेबलावर नेऊन ठेवला, तर त्यांनी झाकण न उघडताच विचारलं, "बिस्किटं आणलीस का?"

आता दुसरी गोष्ट, जी तुम्हाला आजवर कोणी सांगितलेली दिसत नाही. तुमच्यावर कर बसतो हे तुम्ही गृहीत कसं धरलंत? मांडून बघू. तुमचं निवृत्तिवेतन महिना शेहेचाळीस हजार म्हणजे वर्षाचे ५,५२,०००. नव्या कर पद्धतीत त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाते, उरतात ४,७७,०००. ठेवींवरचं व्याज ६२,०००. भाडं तीन लाख, त्यातून काहीच वजा न करता सगळंच्या सगळं धरलं, तरी बेरीज होते ८,३९,०००. आणि २०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य. म्हणजे हार्डवेअरवाल्याकडून लाखाचं खोटं बिल केलं असतंत, तर वाचणार होते शून्य रुपये.

मग ते गृहस्थ बिलं कशाला मागत होते? मला वाटतं सवयीने. समोर व्यापारी बसला की जे बोलतात, तेच पेन्शनवाल्यासमोरही बोलून जातात. पण 'हॉस्टेलचा धंदा दाखवू' यात खरी गफलत आहे. निवासी घर भाड्याने दिल्याचं उत्पन्न धंद्याच्या सदरात दाखवायचं नाही, घरमिळकतीच्या सदरातच दाखवायचं, हे २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पाने स्पष्ट केलं. ते २०२४-२५ पासून लागूही आहे. आणि खोटा खर्च दाखवून कर बुडवल्याचं निघालं, तर बुडवलेल्या कराच्या दोनशे टक्के दंड आहे. तुमच्या बाबतीत बुडवायला करच नाही, पण रिटर्नवर सही तुमची असते, त्या गृहस्थांची नसते.

मेव्हण्यांच्या म्हणण्यालाही उत्तर यातच आलं. जे दाखवून कर लागत नाही, ते लपवून काय मिळणार? दाखवलं तर मात्र मिळतं. उद्या खाली दुकानाचा गाळा काढायला बँकेत गेलात, की बँक तीन वर्षांची रिटर्नं मागेल. तेव्हा हे तीन लाख कागदावर असले, तर कर्जाची रक्कम ठरवताना ते धरले जातील. कर शून्य असला तरी रिटर्न भरायचंच. एकूण उत्पन्न चार लाखांच्या वर आहे, त्यामुळे ते टळत नाही.

इथे पत्र संपवता आलं असतं. पण तुमच्यासारखं घर असलेले, आणि वर पगारही चांगला असलेले वाचक बरेच आहेत. शिवाय तुमचंही उत्पन्न कायम एवढंच राहील असं नाही. म्हणून कामाला येतात त्या वजावटी सांगते. गंमत अशी की तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख फक्त ओझरता आहे.

पहिली घरपट्टी. तुमच्या वरच्या मजल्याची आठ हजार आहे, आणि पावतीवर तारीख आहे ६ एप्रिल. सहा दिवस, गुरुजी! घरपट्टीची वजावट ज्या वर्षात पैसे भरले त्याच वर्षात मिळते, बिल कोणत्या वर्षाचं आहे याला महत्त्व नाही. त्यामुळे हे आठ हजार २०२५-२६ मध्ये गेले नाहीत, पण बुडालेही नाहीत. पुढचं बिल येत्या ३१ मार्चच्या आत भरलंत, तर दोन्ही मिळून सोळा हजार त्या एकाच वर्षात वजा होतील. थकबाकी भरणाऱ्यांनाही हाच नियम. उशिराची शास्ती मात्र मी वजावटीत धरत नाही, ती दंडाची रक्कम आहे. आणि घरपट्टी भाडेकरूने भरली असेल, तर मालकाला वजावट नाही.

दुसरी, आणि सगळ्यांत मोठी, कर्जाचं व्याज. तुमच्या बँकेच्या दाखल्यावर यंदाचं व्याज सत्तर हजार आहे. भाड्याच्या घराच्या व्याजाला, राहत्या घरासारखी दोन लाखांची मर्यादा नाही. हप्त्यातली मुद्दल यात येत नाही, तिची जागा वेगळी आणि तीही फक्त जुन्या पद्धतीत. पण दाखल्याच्या दुसऱ्या पानावर अजून एक आकडा आहे, तो तुम्ही पाहिलाच नाहीत. फेब्रुवारी २०२४ ते मार्च २०२५, म्हणजे काम चालू असताना, तुम्ही पंच्याहत्तर हजार व्याज भरलंत. तेव्हा भाडं नव्हतं म्हणून ते वाया गेलं असं नाही. काम पूर्ण झालं त्या वर्षापासून पाच वर्षं, दरवर्षी पाचवा हिस्सा, म्हणजे पंधरा हजार वजा मिळतात. बांधकाम करणारे बरेच जण हा हिस्सा सोडून देतात, कारण कोणी विचारत नाही आणि बँक आपणहून सांगत नाही.

म्हणजे तुमचं भाडं तीन लाख, तीस टक्के नव्वद हजार गेले, उरले २,१०,०००. त्यातून व्याजाचे पंच्याऐंशी हजार गेले. करपात्र भाडं सव्वा लाख. पावत्यांच्या थैलीला हात न लावता.

आता मेव्हण्यांचे दोन लाख. शेकडा एक रुपयाने वर्षाचे चोवीस हजार. हे व्याजही चालतं, कर्ज बँकेचंच पाहिजे अशी अट इथे नाही. पैसा बांधकामालाच लागला हे दिसलं पाहिजे आणि देणाऱ्याने 'इतकं कर्ज, इतकं व्याज मिळालं' असं लिहून दिलं पाहिजे. अडचण कायद्याची नाही, नात्याची आहे. लिहून दिलं की ते चोवीस हजार त्यांच्या उत्पन्नात दिसायला हवेत, आणि 'रोख कशाला दाखवायलाव' म्हणणारा माणूस ते आनंदाने करील असं मला वाटत नाही. यंदा तुम्हाला त्या वजावटीची गरजच नाही. तेव्हा त्यांच्याकडे कागद मागू नका, वजावटही घेऊ नका. मात्र यापुढचं व्याज बँकेतून द्या. पुढे कधी लागलं तर खात्यावर नोंद असेल.

टँकरबद्दल तुमचा राग मला कळतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दहा मुलांना पाणी पुरवायचं तर भाड्याचा मोठा वाटा टँकरमध्येच जातो. ज्याच्या नळाला बारमाही पाणी आहे त्याला तीस टक्के आणि तुम्हालाही तीस टक्केच, हे बरोबर नाही. पण सरसकट सूट म्हटली की असंच होतं, कोणाला जास्त मिळते, कोणाला कमी. करता येईल ते एवढंच : पुढच्या बॅचपासून भाडं आणि पाणी-वीज वेगळं करा. खोलीभाडं थोडं कमी ठेवा, प्रत्येक खोलीला सबमीटर बसवा, आणि टँकरचे पैसे मुलं वर्गणी काढून परस्पर टँकरवाल्याला देतील असं करारातच लिहा. मग ते तुमचं भाडंच नाही. पालक कुरकुर करतील, हेही आधीच सांगते. अकरावीच्या पोराला टँकरवाल्याशी घासाघीस करायला कोण लावणार? तुमच्या कराची स्थिती बघता ही उठाठेव मी तरी यंदा केली नसती.

वॉटरप्रूफिंगचे पैसे तीस टक्क्यांतच. पण खोल्या बांधल्याची बिलं, म्हणजे सिमेंट, सळई, सेंट्रिंग, गवंड्याला चेकने दिलेले पैसे, ही फाईल जपून ठेवा, लॅमिनेट करण्याइतकी जपा. उद्या हे घर विकलंत, तर विक्रीचा नफा काढताना ही रक्कम वजा होते. लोक नेमकं उलटं करतात. रंगाची बिलं जपतात आणि बांधकामाची उंदरांना देतात.

दिवाळीनंतर न सांगता गेलेल्या मुलाचे सहा हजार तुम्ही उत्पन्नात धरले नाहीत, ते ठीक केलंत. मुलगा खोली सोडून गेलाय, तुमच्या दुसऱ्या कुठल्या जागेत राहत नाही, आणि सहा हजारांसाठी दावा लावण्यात अर्थ नाही, एवढं पटवून देता आलं की न मिळालेल्या भाड्यावर कर नाही. पुढे कधी त्याच्या वडिलांनी फोन-पे केलेच, तर त्या वर्षात दाखवायचे, त्यातूनही तीस टक्के सुटतात. फक्त तो भाडेकरू होता याचा कागद लागतो, आणि तुमच्याकडे एकाचाही करार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि न नोंदवल्यास दंड किंवा कैदेचीही तरतूद आहे. मुलं अठराच्या आतली, म्हणून करार पालकांशी करा. डिपॉझिट परत द्यायचं असेल तोवर ते उत्पन्न नाही, भाड्यापोटी कापून घेतलंत की ते उत्पन्न झालं.

आता नावाचा प्रश्न. "घर हिच्या नावावर, मग भाडंही हिचंच ना?" असं तुम्ही लिहिलंय. नवरा-बायकोच्या बाबतीत कायदा सातबारा किंवा नमुना आठपेक्षा पैसा कोणाचा हे आधी बघतो. तुमच्या पैशाने उभ्या राहिलेल्या घराचं भाडं तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. काकूंनी माहेरच्या पाटल्या मोडून घातलेले पैसे मात्र त्यांचे स्वतःचे, तेवढ्या प्रमाणातला वाटा त्यांचा. सोनाराची तेव्हाची पावती किंवा बँकेतली नोंद सापडते का बघा. सापडली तर प्रमाण ठरवून त्यांचा हिस्सा त्यांच्या नावाने दाखवा. कराच्या दृष्टीने यंदा फरक पडत नाही, तरी मी ती पावती शोधली असती. तोवर वरचं सगळं गणित मी तुमच्याच नावावर मांडलंय.

ज्यांचं उत्पन्न मोठं आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. वाळूजला नोकरी करणाऱ्या कोणी बीड बायपासला फ्लॅट घेऊन भाड्याने दिला असं समजा. भाडं वर्षाला १,४४,०००, घरपट्टी ४,०००. उरलेल्या १,४०,००० चे तीस टक्के गेले की राहतात ९८,०००, आणि कर्जाचं व्याज २,६०,०००. तोटा झाला १,६२,००० चा. जुन्या पद्धतीत हा तोटा पगारातून वजा होतो, वर्षाला दोन लाखांपर्यंत, आणि त्याहून जास्त असेल तो पुढे आठ वर्षं ओढता येतो. नव्या पद्धतीत भाड्याच्या उत्पन्नाएवढंच व्याज कामाला येतं, पगाराला त्याचा स्पर्श होत नाही. अशा माणसाने दोन्ही पद्धतींनी गणित करूनच ठरवावं, 'नवी पद्धत चांगली' असं कोणीतरी चहाच्या टपरीवर म्हणालं म्हणून नाही. पगारदाराला ही निवड दरवर्षी बदलता येते.

राहता राहिला काकूंचा डबा. तुम्ही तो पत्राच्या शेवटी, कंसात लिहिलात. चार मुलं, महिना तीन हजार, दहा महिने, म्हणजे एक लाख वीस हजार. हे भाड्यात मिसळू नका. ही काकूंची कमाई आहे आणि हा खरा धंदा आहे. इथे तीस टक्के नाहीत, इथे खर्च पावतीने वजा होतो. तुमचा तो पेन्सिलीने क्रमांक घालण्याचा उत्साह इकडे वळवा. किराणावाल्याकडून डब्याच्या सामानाचं महिन्याचं वेगळं बिल घ्या. गॅसच्या किती टाक्या डब्याला जातात ते काकूंनाच विचारा, त्यांचा अंदाज चुकणार नाही. पोळ्या लाटायला येणाऱ्या बाईंची सही एका वहीत घ्या. काकूंचं उत्पन्न करापर्यंत पोचत नाही, पण पुढच्या जूनमध्ये दहाची दहा मुलं डबा मागणार आहेत असं तुम्हीच लिहिलंय.